चाळीस सेकंद उशिराचा विजय

संध्याकाळी सात वाजता कुंदा घरत यांच्या टीव्हीवर मालिकेतल्या सासूने सुनेसाठी आल्याचा चहा केला. त्याच वेळी, त्याच भागात, भिंतीपलीकडे दमयंती वहिनींच्या टीव्हीवर तीच सासू सुनेच्या दुधात काहीतरी पांढरं मिसळत होती. दमयंती वहिनी रोज दुपारी कुंदाताईंकडे येऊन मालिकेवर बोलायच्या, पण हल्ली फार जपून बोलायच्या.

चार महिन्यांपूर्वी कुंदाताईंना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली शेवटच्या ओळीत 'सौम्यक' लिहून दिलं. ते जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर, असं त्यांच्या मुलाने, सर्वेशने, विचारलंही होतं. सौम्यक म्हणजे टीव्हीच्या पाठीमागे चिकटवायची काडेपेटीएवढी डबी. ती रुग्णाच्या मनगटावरच्या पट्ट्यावरून नाडी वाचायची आणि येणारं चित्र चाळीस सेकंद अडवून ठेवायची. त्या चित्रात जे नाडीला मानवणार नाही, ते तेवढ्या वेळात पुन्हा रंगवलं जायचं. माणसं तीच, आवाज तेच, फक्त वागणूक सुधारलेली. कुंदाताईंना मात्र एवढंच सांगण्यात आलं होतं, की हा मोठ्या अक्षरांचा टीव्ही आहे.

साडेसातला कलाविषयक कार्यक्रम लागला. एका ज्येष्ठ तबलावादकांचा सत्कार चालला होता. ते पावसाळ्यातच वारले होते. कुंदाताईंच्या घरात त्यांचा हा तिसरा सत्कार, आणि दर सत्काराला ते थोडे तरुण दिसत.

सर्वेश खांद्यावर बॅग घेऊन आला तेव्हा ते तबलावादक हार घालून घेत होते. तो व्यावसायिक कबड्डी संघाचा चढाईपटू. आदल्या संध्याकाळी पुण्यात अंतिम सामना झाला होता, आणि शेवटच्या चढाईत, बरोबरीवर, तो पकडला गेला होता. देशाने ते पाहिलं. पेणमधल्या एका खोलीत मात्र तो जिंकला होता.

आळीची तयारी चोख होती. सामन्याआधीच सर्वेशने सगळ्यांना निरोप पाठवला होता, की काहीही झालं तरी ओरडू नका, आणि सामना संपल्यावर चाळीस सेकंद मोजून फटाके लावा. दमयंती वहिनींचे यजमान घड्याळ घेऊन ओट्यावर बसले. पराभवाची माळ लावणारी ती पहिलीच आळी असावी. आज सर्वेश रिक्षातून उतरला तेव्हा चौघांनी त्याचं अभिनंदन केलं. शब्द अभिनंदनाचे होते, पाठीवरचे हात सांत्वनाचे. एका काकांना तर हुंदका आला, तो त्यांनी आनंदाचा असल्याचं जाहीर केलं.

कुंदाताईंनी जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. प्रवास कसा झाला विचारलं, गुडघ्याचं विचारलं. सामन्याचं काहीच विचारलं नाही. सर्वेशला ते बरंच वाटलं.

आठ वाजता कुंदाताईंनी इंटरनेटवरून कालचा सामना पुन्हा लावला. तो म्हणाला, राहू दे, थकलोय. त्या म्हणाल्या, तुला कोण बघायला सांगतंय, मी बघते. आणि त्यांनी सामना पुढे ढकलत ढकलत शेवटच्या चढाईवर आणून ठेवला. पडद्यावरच्या सर्वेशने डाव्या कोपऱ्यातल्या गड्याच्या खांद्याला हात लावला, वळला, सरळ धावत मध्यरेषा ओलांडली. सहकाऱ्यांनी त्याला उचललं. तो हसत होता. हसू हुबेहूब त्याचं होतं.

कुंदाताईंनी आवाज बंद केला.

"कालपासून विचारायचंय," त्या म्हणाल्या. "जिंकलास, मग माझ्याकडे का नाही बघितलंस?"

सर्वेश म्हणाला की तिथे बारा कॅमेरे असतात, गोंधळ असतो, कळत नाही कुठे बघावं.

"तालुक्याला खेळायचास तेव्हा एकही नव्हता. मी मागच्या रांगेत बसायचे. तरी जिंकलास की हात वर करून मला शोधायचास."

कुंदाताईंनी तीस वर्षं गणपतीच्या कारखान्यात आखणी केली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीची मूर्ती कोणीही रंगवू शकतो, डोळे एकच बाई काढते, आणि बुबुळ केसभर सरकलं तर देव भक्ताकडे न बघता त्याच्या मागच्या पंख्याकडे बघतो.

"हा पोरगा," त्यांनी पडद्याकडे बोट केलं, "कुणाकडेच बघत नाहीये. रात्रभर वाटत राहिलं, मोठा झाला, विसरला. मग पहाटे वाटलं, या टीव्हीत सगळेच चांगले वागतात. चार महिने झाले, एक वाईट माणूस दिसला नाही. इतकी चांगली माणसं पेणमध्ये नाहीत, टीव्हीत कुठून येतील?" त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू खोटा का हा खोटा, एवढं सांग."

"हा," सर्वेश म्हणाला. "मी हरलो, आई."

पट्ट्यावरचा आकडा चौऱ्याऐंशीचा शहाण्णव झाला. सर्वेशने डबीविषयी सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. आकडा एकशेवीस झाला की दवाखान्यात आपोआप वर्दी जाते. आणि डबीचं रंगवणं थांबवायला काळजीवाहकाचा, म्हणजे त्याचा, अंगठा लागतो.

"मग लाव अंगठा."

तो म्हणाला, तुझ्या छातीला झेपणार नाही.

"माझ्या छातीची काळजी आहे, का तुझ्या तोंडाची?"

सौम्यक बसवताना एक अर्ज भरावा लागला होता. 'रुग्णास काय दाखवू नये' या रकान्यात लोक आग, अपघात, मृत्यू वगैरे लिहितात. सर्वेशनेही लिहिलं होतं, पण दुसऱ्या ओळीपासून. पहिल्या ओळीत 'मुलाचा पराभव' होता. तो उठला आणि त्याने डबीवर अंगठा टेकवला.

तीच चढाई पुन्हा लागली. गड्याच्या खांद्याला हात लागला, तो वळला. मध्यरेषा चार पावलांवर होती. दोन पावलं टाकून हा सर्वेश थांबला. त्याने कॅमेरा शोधला, उजवा हात वर केला आणि काचेतून सरळ खोलीत पाहिलं. जेमतेम अर्धा सेकंद. मग कोणीतरी मागून त्याचा घोटा धरला, तिघे अंगावर पडले, आणि त्याची बोटं रेषेच्या वीतभर अलीकडे मातकट मॅटवर ताणलेली राहिली.

पट्ट्यावर एकशेतेरा.

"परत लाव," कुंदाताई म्हणाल्या.

त्याने परत लावलं. हात वर झाला त्या जागी त्यांनी चित्र थांबवायला लावलं आणि उठून पडद्याजवळ गेल्या. कारखान्यात मूर्ती पाहायच्या तशा, मान जरा तिरकी करून, बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. एकशेसोळा. सर्वेश त्यांच्या मागे, धरायची वेळ आली तर म्हणून, हात पुढे करून उभा होता.

"रेषा ओलांडून बघायचं रे येड्या," त्या म्हणाल्या. "मी कुठे पळून जाणार होते?"

"तेवढा दम नाही निघाला."

त्यांनी मागे न बघताच त्याचा पुढे केलेला हात पकडला. पट्ट्यावरचा आकडा एकशेअठरा झाला आणि तिथेच थरथरत राहिला. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. त्यात लिहिलं होतं: 'आत्ताच्या दृश्याने त्रास झाला का? आपल्या उत्तरानुसार पुढील सर्व कार्यक्रम दाखवले जातील.' खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती, आणि काळजीवाहकाच्या अंगठ्यासाठी एक वर्तुळ.

कुंदाताईंचा चष्मा ओला झाला होता. काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. सर्वेशने शब्द न शब्द वाचून दाखवला.

"हे तो मला विचारतोय," कुंदाताई म्हणाल्या, "का तुला?"