मी हरकत घेते

नगरपालिकेच्या सभागृहातल्या मंचावरून उतरायला दोन वाटा होत्या. उजवीकडे पायऱ्या होत्या, तिथून माणसं टाळ्या घेत उतरतात. डावीकडे काळा पडदा होता आणि तिथून कोणी उतरत नाही, कारण ती वाट कुठेच जात नाही. ती घाबरून डावीकडे पळाली.

पडद्यामागे अंधार होता. लोंबणाऱ्या दोऱ्या, कुठल्याशा जुन्या नाटकातलं पाय मोडलेलं सिंहासन आणि स्टुलावर शांतपणे चहा पीत बसलेला एक माणूस.

“दार... दार कुठंय?”

“इकडे नाही. इकडे फक्त भिंत आहे. बसा ना.”

बसायला सिंहासनच होतं. ती बसली आणि रडली. त्या सिंहासनावर बसून रडणारी ती काही पहिली नव्हती. पण बाकीच्यांना त्याचे पैसे मिळत होते.

तो माणूस ‘रडू नका’ म्हणाला नाही. चहा संपेपर्यंत थांबला आणि मग विचारलं, “पुढचं वाक्य काय होतं?”

“कसलं?”

“तुम्ही माइकसमोर जाऊन ‘मी’ म्हणालात आणि पळालात. ‘मी’च्या पुढे काहीतरी असणारच.”

“मी हरकत घेते... एवढंच म्हणायचं होतं.”

“चांगलं वाक्य आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. “लहान आहे. पाठही पटकन होतं.”

तेवढ्यात पडद्यापलीकडून अध्यक्षांचा तृप्त आवाज आला, “नागरिकांची हरकत नाही, अशी नोंद घ्यावी.”

तिनं डोळे पुसायचे थांबवले. रडायचंही.

हरकत साधी होती. गावाबाहेरच्या वळणावर एक मोठं गोदाम होतं. त्याचं फाटक नेमकं वळणावर उघडायचं आणि ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यात घुसायचे. तिचा दादा वीजमीटर वाचायचा. सायकलवरून घरोघरी फिरायचा. एका सकाळी तो वळण घेत होता आणि ट्रक मागे येत होता. आता गोदामवाल्यांना तेच फाटक आणखी रुंद करायचं होतं. म्हणजे एकाच्या जागी दोन ट्रक मागे येणार. नियमाप्रमाणे दोन जाहीर सुनावण्या होत्या. पहिली तिनं घालवली होती. दुसरी उरली होती आणि तिच्यानंतर काही नव्हतं.

तिचे बाबा बोलले असते. निवृत्त बस कंडक्टर. त्यांचं ‘पुढे सरका’ एकेकाळी पुढच्या थांब्यावरच्या लोकांनाही ऐकू जायचं म्हणे. पण दादा गेल्यापासून ते पाणी हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायचे, मागायचे नाहीत.

आणि ती? ती कवळ्या करायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर तिच्यासमोर तोंडंच तोंडं असायची, सगळी प्लास्टरची, सगळी उघडी आणि सगळी मुकी. या कामासाठी तिच्याइतकं योग्य माणूस नव्हतं. अवघड जायचं ते ओठ असलेल्या तोंडांसमोर.

“मी शिकवतो,” पडद्यामागचा माणूस म्हणाला. “बोलायला. सकाळी, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत. संध्याकाळी इथे पडदे ओढतो.”

“तुम्ही वक्ते आहात?”

“छे! प्रॉम्प्टर. नाटक कंपनी होती तोवर विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवायचो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोललोय, तीही हळू.”

*

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत खुर्च्या भरपूर आणि शिष्य थोडे होते. मुलाखतीत तत-पप होणारा एक इंजिनिअर होता आणि निवडणुकीत पडलेले एक गृहस्थ. त्यांना भाषण उत्तम यायचं, थांबता यायचं नाही.

तिला आठवडाभर माणसांसमोर तोंड उघडता आलं नाही. मग सर म्हणाले, “तुम्हाला कोणासमोर भीती वाटत नाही?”

“जबड्यांसमोर.”

“मग घेऊन या.”

ती खरंच घेऊन आली. पिशवी भरून प्लास्टरचे जबडे. सरांनी प्रत्येक खुर्चीवर एकेक मांडला. वरचे पुढे, खालचे मागे. पडलेल्या गृहस्थांनी दारातून हे दृश्य पाहिलं, म्हणाले, “माझ्या सभेला यापेक्षा कमी होते,” आणि निघून गेले.

त्या सभेसमोर ती पहिल्यांदा बोलली. थरथरत, पण सगळं. सर शेवटच्या रांगेत दोन जबड्यांच्या मध्ये बसून ऐकत होते.

“आवाज वाढवू नका. शेवटच्या खुर्चीत बसलेल्याला सांगा, बस. पुढचे आपोआप ऐकतात.”

“शेवटच्या खुर्चीत तुम्ही आहात.”

“मग मला सांगा.”

ती सांगू लागली... आणि पुढे रोजच सांगू लागली. रोज एक खरा माणूस आत यायचा आणि एक जबडा पिशवीत जायचा. दोघांच्याही हे लक्षात आलं होतं, की पिशवी जड होत चालली तशी तिची दुकानावरचा जिना चढायची घाई वाढत होती. दोघंही त्याविषयी काही बोलले नाहीत. बोलायला शिकवायच्या वर्गात इतकं न बोललेलं क्वचितच साठलं असेल.

एकदा ती मध्येच म्हणाली, “सर, तुमचा डावा सुळा झिजलाय.”

“भाषणात हे वाक्य नाहीये.”

“झोपेत दात खाता तुम्ही. कुणावर एवढा राग?”

“राग नाही. दुसऱ्यांची वाक्यं आहेत. पुरवायची राहिलेली.” मग थोडं थांबून, “तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडे असंच बघता?”

“हो... कामच आहे ना.”

“बरं. मी उगाच...”

“उगाच काय?”

“पान दुसरं काढा,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. नाटकवाल्यांना रडणं, हसणं, मरणं सगळं खोटं करता येतं. कानांचं मात्र काही करता येत नाही.

दुसऱ्या पानावरच गाडी अडायची. तिथे तिनं लिहिलं होतं, ‘सदर अपघातात एका इसमाचा मृत्यू झाला.’

“हा इसम कोण?”

तिनं कागद उलटा ठेवला.

“मीही त्याला ओळखत नाही,” सर हलकेच म्हणाले, “म्हणून मला वाईट वाटत नाहीये.”

खाली चष्मेवाला कानसीनं काच घासत होता. मग ती म्हणाली, “दादा. मला चिमणे म्हणायचा. मोठी झाले तरी, चारचौघांत. खूप राग यायचा.”

सरांनी ‘इसम’ खोडला. त्या दिवशी ते तिच्याबरोबर वळणापर्यंत आले. ती ती जागा दाखवत होती. सायकल इथे होती, चप्पल तिथे... आणि फाटकातून ट्रक मागे आला. कोपर धरून सरांनी तिला मागे ओढलं. ट्रक गेला, धूळ बसली. कोपर सोडायचं राहून गेलं.

“सर,” ती म्हणाली, “ट्रक गेला.”

“हो,” सर म्हणाले. “दुसरा येईल.”

परतताना ती म्हणाली, “आणि समजा, तिथे विसरले तर?”

“मी विंगेत असेन. आणि विसरलेला कोण, मुद्दाम थांबलेला कोण, हे मला कळतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण विसरलेला माणूस श्वास आत ओढून धरतो. थांबलेला सोडतो. त्याच्या अध्येमध्ये शब्द टाकला तर प्रॉम्प्टरनं धंदा बंद करावा.”

“कधी चुकलात?”

“नाही,” सर म्हणाले. त्यांच्या आवाजात जन्मात पहिल्यांदाच थोडा गर्व होता. बिचाऱ्यांना तो पचणार नव्हता.

*

दुसऱ्या सुनावणीला सभागृह निम्मं भरलं होतं. अध्यक्ष नेहमीसारखेच तृप्त होते. सर विंगेत, त्याच स्टुलावर. ती माइकसमोर गेली, शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि बोलू लागली.

चांगली बोलली. फाटक वळणावर का नको, मागच्या गल्लीत उघडलं तर कोणाचं काय बिघडतं, सगळं. एका कारकुनानं तर लिहिता लिहिता मान हलवली. मग ती दुसऱ्या पानावर आली.

“त्या सकाळी माझा दादा घरून निघाला. म्हणाला, चिमणे, माझा डबा...”

शेवटच्या रांगेत दार उघडलं. बाबा आत आले. ‘येणार नाही’ अशा अर्थाची मान हलवलेले बाबा. त्यांनी खुर्ची शोधली, बसले, चष्मा काढून पुसला. तोवर तिला पुढचं बोलायचं नव्हतं. ते त्यांनीही ऐकायला हवं होतं. ती थांबली.

आणि विंगेतून, जन्मभर शेवटच्या नटापर्यंत पोचलेल्या त्या स्वच्छ कुजबुजीत, शब्द आला— “डबा दे, उशीर झाला—”

माइकनं तो उचलला आणि सगळ्या सभागृहाला वाटला.

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. “पढवून आणलंय वाटतं. बाई, दुःख तरी स्वतःचं आहे ना?”

हसणं थांबलं. एवढं मात्र गावाला कळत होतं. तिचा चेहरा प्लास्टरसारखा झाला होता. तिनं डावीकडे पाहिलं. काळा पडदा तिथेच होता. मग तिनं हातातले कागद खाली ठेवले.

“हो,” ती म्हणाली. “पढवून आणलंय. मागच्या वेळी पढले नव्हते, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही आणि तुम्ही लिहिलंत, नागरिकांची हरकत नाही. म्हणून शिकायला गेले. मला बोलायला शिकावं लागतं, साहेब. प्लास्टरच्या जबड्यांसमोर उभं राहून शिकले मी.” आवाज कापत होता. तिनं तो कापू दिला. “दादा गेला त्याचं दुःख मात्र मला कोणी शिकवलं नाही. त्यानं डबा मागितला आणि घाईत विसरूनच गेला. मी तो घेऊन त्याच्यामागे पळाले. वळणापर्यंत पळाले. डबा माझ्याच हातात राहिला. हे त्या कागदावर नाहीये. हे बाबांनाही आजच कळतंय.”

तिनं कारकुनाकडे पाहिलं.

“मी हरकत घेते. लिहा.”

कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पंख्याकडे पाहिलं. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक आवाज आला. गंजलेला, पण मोठा, बसच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाणारा.

“माझीही लिहा.”

मग पुढच्या रांगेतली एक बाई उठली. मग तिच्या शेजारचा. मग कोण कोण उठलं ते लिहिता लिहिता कारकुनाची पुरेवाट झाली. तासाभरानं अध्यक्षांनी जाहीर केलं, की वळणावरचं फाटक बंद करून मागच्या गल्लीत उघडावं. आणि जाहीर अशा थाटात केलं, की ही कल्पना त्यांना लहानपणापासून सुचलेली असावी.

*

ती विंगेत गेली तेव्हा स्टूल रिकामं होतं. सर सभागृहाबाहेरच्या जिन्यावर बसून, गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत होते.

“मी थांबले होते,” ती म्हणाली.

“हो.”

“विसरले नव्हते.”

“हो.”

“मला बोलू दिलं नाहीत तुम्ही. त्यांनी हसावं असं केलंत. माझ्या दादाच्या वाक्यावर...” ती एक पायरी खाली उतरली. “इतकी वर्षं चुकला नाहीत. मग आजच कसे?”

सरांनी वायर खाली ठेवली.

“नट अडकला तर मला नाटकाची काळजी वाटायची,” ते सावकाश म्हणाले. “म्हणून त्याचा श्वास बघता यायचा. आज तुम्ही थांबलात आणि... माझाच अडकला. तुमचा कुठे बघणार?”

तिनं ती वायर उचलून बाजूला ठेवली.

“माफी मागणार होतो. तीही नीट जुळवली होती. आता आठवत नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. “जुळवलेलं आज पुरे झालं. न जुळवलेलं काही असेल तर सांगा.”

“तुम्ही उद्यापासून यायच्या नाहीत,” सर म्हणाले. “शिकवायचं काही उरलं नाही. आणि मला... त्या खोलीत ते... म्हणजे तुम्ही नसताना... अहो, मला नाही येत हे! लोकांना शिकवतो मी.”

“येतंय की,” ती हळूच म्हणाली. “शेवटच्या खुर्चीपर्यंत आलं.”

जिन्याच्या तोंडाशी चप्पल वाजली. बाबा. त्यांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग सरांकडे.

“मघाशी पडद्यामागून बोलले ते हेच का?”

“हो, बाबा.”

“तिच्या मध्ये पुन्हा बोलायचं नाही,” बाबा सरांना म्हणाले.

“नाही बोलणार, काका.”

“आणि घरी या उद्या.” बाबा वळले, मग थबकले. “कवळी बसत नाही माझी. सहा महिने झाले, तिला सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही.” ते क्षणभर जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. “तुम्ही असलात की दोन शब्द निघतील, बघू.”

तिघं चालत निघाले. त्या वाटेनं बाबा दादा गेल्यापासून आले नव्हते. बाजाराला जायचं तरी लांबचा फेरा घ्यायचे. वळण आलं तसे त्यांचे पाय जड झाले आणि ते उभे राहिले. गोदामाचं फाटक मिटलेलं होतं. दिवे लागायची वेळ होती. तिनं बाबांचा हात धरला. तिला वाटलं होतं ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

सर त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळलेले. तिनं मोकळा हात बाबांच्या पाठीमागून पुढे केला. क्षणभर तो हवेतच राहिला. मग सरांनी तो धरला. बाबांना कळलं असावं. पण ते समोरच पाहत होते.

“चला,” शेवटी बाबाच म्हणाले आणि तिघांनी रस्ता ओलांडला.