दाराबाहेरून ऐकलेलं

कॉम्प्युटरचा आवाज बिघडला म्हणून कुणी घाबरतं का? बाईही घाबरल्या नाहीत. चिडल्या. काकू दुपारी यायच्या होत्या, आणि नेमकं आजच हे यंत्र रुसून बसलं होतं. त्यांनी तडक जावयाला फोन लावला.

"जावईबापू, असाल तसे या. रेकॉर्डिंग लावलं की आवाज दबका येतोय. तोंडात बोळा कोंबल्यासारखा."

बाई म्हणजे नाच शिकवणाऱ्या बाई. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग होता. लाकडी जमीन, भिंतभर आरसे, कोपऱ्यात जुना पियानो. तो वाजवायचे काका. मऊ तळाचे बूट एका कापडी पिशवीत घालून आणायचे, वर्गात आले की बूट बदलायचे आणि पिशवी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. बोटं आखडू नयेत म्हणून बाम चोळलेला असायचा, त्याचा वास दिवसभर खोलीत रेंगाळायचा. आणि बाईंनी "चला, काका" म्हटल्याशिवाय काकांनी कधी पट्टीला बोट लावलं नाही. एखाद्या मुलीच्या बुटाची नाडी सुटलेली असली तर ती बांधून होईपर्यंत हात मांडीवर ठेवून थांबायचे. घाई म्हणून नाहीच.

पण बोटं आखडायला लागली ती लागलीच. मग बाईंनी एक युक्ती केली. "काका, आठवण म्हणून सगळं एकदा वाजवून ठेवू या," म्हणाल्या. काका किती खूश झाले! अख्खी दुपार एकटेच वाजवत बसले, चहासुद्धा नको म्हणाले. संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता जरा आराम करा. मी कळवते."

कळवलं नाही. पियानोवर, पुढच्या स्टुलासकट, चादर पडली, चादरीवर कॉम्प्युटर बसला, आणि बाई "चला, काका" म्हणायच्या ऐवजी बटण दाबू लागल्या. पालकांना सांगितलं, काकांचे गुडघे दुखतात हो, त्यांनीच सोडलं.

एके दिवशी वर्ग चालू असताना दाराच्या धुरकट काचेमागे एक सावली येऊन उभी राहिली. हातात पिशवी. आत काकांचंच वाजवणं चाललं होतं, आणि बाहेर काका ते ऐकत उभे होते. एक मुलगी दाराकडे निघाली, तशी बाईंनी तिला हळूच अडवलं. "दार उघडू नकोस. जातील कंटाळून."

सावली गेली. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. उद्या फोन करू, परवा जाऊन माफी मागू, असं करता करता दिवस गेले आणि एका सकाळी काका गेल्याचीच बातमी आली. बाई भेटायलासुद्धा गेल्या नाहीत. कुठल्या तोंडानं जाणार? रेकॉर्डिंग लावायचाही धीर झाला नाही. दुसरीच गाणी लावून वर्ग रेटत होत्या. शेवटी त्यांच्या बायकोचा, काकूंचाच फोन आला. "घरी त्यांचं वाजवणं कशातच टिपलेलं नाही हो. एकदा ऐकवाल?"

नाही म्हणायला तोंड होतं का बाईंना?

जावई आला, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागला. वायर काढून फुंकली, परत घातली. स्पीकर बदलले. आवाजाच्या सगळ्या सेटिंग पालथ्या घातल्या. मग एक सिनेमातलं गाणं लावून बघितलं. खणखणीत! काकांचं लावलं, की दबलेलं.

"गंमतच आहे," तो म्हणाला. त्यानं फाईल स्वतःच्या लॅपटॉपवर घेतली. तसंच. हेडफोन लावला. तसंच. "आई, फाईल बिघडली असती तर आवाज फाटला असता, अडकला असता. इथं सूर शाबूत आहेत, फक्त लांबून येतायत. हे रेकॉर्डिंग तुम्ही दाराबाहेर बसून केलंत की काय?"

तो हसला. बाईंना हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी फोन स्वतःच्या हातानं पियानोवर ठेवला होता, अगदी पट्ट्यांपाशी.

"आणि हे ऐका," जावयानं आवाज वाढवला. "मागे खरखर वाटतेय ना? खरखर नाहीये ती. कुणीतरी श्वास घेतंय. तो मात्र अगदी जवळून येतोय."

बाईंनी ऐकलं. दम लागलेला श्वास होता, जिने चढून आल्यासारखा.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाई दचकल्या, पण त्या काकू होत्या. बारीक चणीच्या, हातात रुमाल. आत आल्या, दार नीट लावून घेतलं, बाकावर बसल्या आणि बाईंचा हात हातात घेतला.

"तुमचे आभार मानायचे राहिलेत, बाई."

"माझे? कशाबद्दल?"

"शेवटच्या दिवसापर्यंत येत होते ना तुमच्याकडे. रोज दुपारी बुटांची पिशवी घेऊन निघायचे, दिवेलागणीला परत यायचे. मी म्हणायचे, बोटं चालत नाहीत, कशाला जाता? तर म्हणायचे, बाई आहेत, सांभाळून घेतात."

रोज दुपारी? बाईंनी सावली पाहिली ती एकदाच. त्यानंतर त्यांनी दाराकडे कधी मान वळवलीच नव्हती. सांगून टाकावं असं वाटलं.

"काकू, मी… खरं म्हणजे मी त्यांना…"

"राहू द्या हो. मला कळतं. तुम्हालाही जड जात असणार." काकूंनी त्यांचा हात थोपटला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावयानं रेकॉर्डिंग लावलं. "आवाज जरा दबका आहे, काकू, सांभाळून घ्या."

सूर आले, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखे. आणि त्यांच्या अलीकडे तो श्वास. काकू पुढं झुकल्या. "अगं बाई… हे तेच. जिना चढला की असाच दम लागायचा त्यांना."

मग सुरांच्या मागून आणखी काहीतरी यायला लागलं. लाकडी जमिनीवर पडणारी पावलं. खूप पावलं, लहान मुलींची, तालात. जावयानं भुवया उंचावून बाईंकडे पाहिलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी वर्गात एकही मुलगी नव्हती. आणि त्या पावलांमधून, दाराआडून यावा तसा, बाईंचा स्वतःचा आवाज आला. हळू, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट.

"दार उघडू नकोस. जातील कंटाळून."

जावयाचा हात बटणावर तसाच राहिला होता. काकूंनी विचारलं, "कोण… कोण जातील म्हणालात, बाई?"

शरमेनं बाईंचे कान तापले, मान वर होईना. श्वास तेवढा चालू होता, अगदी जवळ. तिथं बसवेना, म्हणून त्या उठल्या, कशाबशा दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी दार सताड उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. लांबलचक रिकामा व्हरांडा आणि बामाचा वास.

आणि त्याच क्षणी मागे रेकॉर्डिंगमधला पियानो मोकळा झाला. सूर स्वच्छ, भरदार, खोलीभर!

"आली बघा सेटिंग जागेवर!" जावई म्हणाला. म्हणाला खरा, पण त्याचे हात मांडीवर होते.

काकूंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. रडल्या, मग समाधानानं हसल्या. जावयानं त्यांना रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून दिलं. मघाचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही, आणि बाईंनीही उत्तर दिलं नाही. निघताना मात्र काकू उंबऱ्यात थांबल्या.

"त्यांच्या बुटांची पिशवी राहिलीय का हो इथं? गेले त्या दिवशीही घेऊन निघाले होते. रस्त्यात पडले तिथं नव्हती, घरीही नाही."

बाईंनी दाराशेजारी पाहिलं. खिळा रिकामा होता.

"नाही, काकू."

जावई त्यांना सोडायला खाली गेला. जिन्यावरची पावलं विरली. कॉम्प्युटरवर काकांचं वाजवणं अजून चालूच होतं. बाईंनी सवयीनं दार ओढून घेतलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, मघाशी आवाज मोकळा झाला होता तो दार उघडल्यावर. कडी हातात धरून त्या कान देऊन उभ्या राहिल्या. आता दबेल… आता दबेल…

आवाज दबला नाही. दार बंद होतं, आणि सूर तसेच स्वच्छ येत होते. दाराबाहेर आता ऐकायला कुणी उभं नव्हतं.

नजर आपोआप खिळ्याकडे गेली. खिळ्याला कापडी पिशवी अडकवलेली होती.

बाई पाठमोऱ्याच कॉम्प्युटरपर्यंत मागे सरकल्या, हात मागे नेला आणि चाचपडत बटण दाबलं. सूर थांबले. श्वास थांबला नाही. तो आता स्पीकरमधून येत नव्हता. चादरीखालून स्टूल करकरलं, कुणीतरी सावरून बसल्यासारखं, आणि बामाचा वास खोलीभर पसरला.

मग काहीच नाही. पट्टी वाजली नाही, चादर हलली नाही.

काय हवंय ते बाईंना कळलं. दोनच शब्द, इतकी वर्षं रोज म्हटलेले. "चला…" एवढं त्या पुटपुटल्या आणि पुढचा शब्द घशातच अडला. कुठल्या तोंडानं म्हणायचा? त्या दाराकडे तोंड करून, मान खाली घालून उभ्या राहिल्या. खाली मुलींचा गलका ऐकू यायला लागला, वर्गाची वेळ होत आली होती.

मागे काका थांबले होते. थांबायची तर त्यांना सवयच होती.