ब्रेकवरचा पाय

गेल्या फेब्रुवारीत मी लालबर्र्याहून जुनी जीप घेऊन बिरसाला निघालो होतो. बहिणीला तांदूळ पोचवायचे होते. माझी बायको विमल जाऊन वर्ष होत आलं होतं. सोबत कोणी नव्हतं.

बैहरच्या पुढे, सालाच्या जंगलातल्या उतारावर ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला टेकला. हँडब्रेक ओढून जीप कशीबशी थांबवली. मागच्या चाकापाशी नळीची जोडणी सैल होऊन तेल गळत होतं. ती आवळली, वरून तेल भरलं. पण नळीत हवा शिरली होती. ब्रेकचं तेल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र दबते, आणि जोर तिथेच जिरतो. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची. घरी ब्रेकवर विमल बसायची.

फोनला नेटवर्क नव्हतं. रस्त्याने कोणी येईना. दिवस कलला, वाळल्या पानांचा वास दाटला. मी चाकाशी आडवा झालो आणि सवयीने बोलून गेलो, "दाब वं."

वर पायडल करकरलं. स्क्रूतून तेल फसफसत बाहेर आलं.

"विमल...? तू आलीस काय?"

"सोड," म्हटलं. पायडल सुटलं.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. डोळे भरून आले. दाब, सोड, दाब... मी बोलत सुटलो. "घर खायले उठते वं. सैपाक करतो, पण एकट्याले घास जात नाही..."

बुडबुडे थांबले. स्क्रू आवळला. "झालं, विमल. बस आता."

वरून आवाज आला. म्हाताऱ्या पुरुषाचा, घोगरा.

"और बोलो ना... यहाँ कोई बोलता नहीं..."

धडपडत उठलो. सीट रिकामी होती. अंधार पडत होता, त्या जंगलात थांबणं शक्य नव्हतं. बसलो, गिअर टाकला. जीप हलेना. माझा पाय बाजूला होता आणि ब्रेकचं पायडल आत दाबलेलं होतं.

मी बोलायला लागलो. "यंदा... यंदा धान चांगलं झालं..."

पायडल हळूच वर आलं.

बिरसापर्यंत मी बोलत राहिलो. श्वास घ्यायला थांबलो की चाकं करकचायची. दुसऱ्या दिवशी परत आलो, तेही बोलतच.

आता जीप अंगणात उभी आहे. बॅटरी मी काढून ठेवली आहे. तरी दिवेलागणीला तिचा मागचा ब्रेकचा दिवा पेटतो, भिंत लाल होते, आणि मी जाऊन बोलायला लागेपर्यंत तो विझत नाही.