तळ्याच्या फेरीचा वेळ

सपाट मुलखात सहकुटुंब फिरायला जाणाऱ्यांसाठी मी पत्रकं तयार करतो. डोंगर नाहीत, कडे नाहीत, दम लागेल असा चढ नाही. कुरणं, ओढे, त्यांवर एखादा साकव आणि पोरांना बदकं दाखवायला एखादं तळं. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, पाय मोकळे करून यायचं आणि चार ओळी खरडायच्या. तसं नसतं. मापाचं चाक ढकलत प्रत्येक वाट चालावी लागते. दांड्याला लावलेलं चाक दर मीटरला एकदा टक् करतं. फाटक कुठल्या बाजूला उघडतं, बाळाची गाडी कुठे अडते, सगळं टिपावं लागतं. शेवटी किती वेळ लागतो ते लिहायचं: मोठ्यांना किती आणि लहानांना किती.

लहानांचा वेळ अंदाजाने लिहायचा नाही, असा कचेरीचा नियम आहे. सहा-सात वर्षांचं मूल सोबत न्यायचं आणि ते स्वतःच्या पायांनी जेवढ्यात पोचेल तेवढा वेळ मांडायचा. मध्ये कुठेही उचलून घेतलं की माप बाद.

माझं मूल म्हणजे गोगी. खरं नाव वेगळं होतं, पण चालण्यात ती गोगलगायीची सख्खी बहीण, म्हणून गोगी. बारा पत्रकांवरचे लहानांचे आकडे तिच्या पायांचे आहेत. बारावं पत्रक तळ्याच्या फेरीचं. त्यानंतर चार महिन्यांनी ती गेली. रक्ताचा आजार होता. दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तेव्हा तिचं वजन एकवीस किलो होतं, शेवटी चौदा. याला तीन वर्षं झाली.

यंदा मार्चमध्ये कचेरीतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"तळ्याच्या फेरीबद्दल तक्रारी आल्यात."

"कसल्या? कुत्र्यांच्या?"

"वेळेच्या," त्या म्हणाल्या आणि सात पत्रं माझ्यापुढे सरकवली.

पत्रकावर मोठ्यांना पंचावन्न मिनिटं आणि लहानांसह पावणेदोन तास असं छापलं आहे. एक आजी नातवाला घेऊन गेली होती, तिला दोन तास बारा मिनिटं लागली. शर्यतीसाठी धावण्याचा सराव करणारे दोघे भाऊ होते, त्यांनाही दोन तास बारा मिनिटं. पाठीवर तान्हं घेतलेलं जोडपं, तेवढीच. सातही पत्रांत एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.

"सगळ्यांची घड्याळं ठरवून बिघडली म्हणायची का?" बाई हसत म्हणाल्या.

बदकं बघण्यात लोकांना भान राहत नाही, असं काहीतरी मी बोललो. तो आकडा मी याआधी एकदाच पाहिला होता, माझ्याच अक्षरात.

सोमवारी चाक घेऊन एकटाच गेलो. हातावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं. बरोबर दहाला पहिल्या फाटकातून आत शिरलो. ऊन कोवळं होतं, गवत घोट्यापर्यंत आलं होतं, मेंढ्या मान वर करून बघत होत्या आणि पुन्हा चरायला लागत होत्या. मी झपाझप चाललो. कुठे थांबलो नाही, कुणाशी बोललो नाही. साकवावर पाय ठेवला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

साकव अकरा मीटरचा आहे. चाक अकरा वेळा वाजलं. पलीकडे उतरून घड्याळ पाहिलं, दहा वाजून एकोणचाळीस मिनिटं. खिशातलं काढलं, तेही तेच सांगत होतं.

तळ्याकाठच्या बाकाशी तेवीस मिनिटं गेली, आणि मी बाकावर टेकलोसुद्धा नव्हतो. शेवटच्या कुरणातून मी जवळजवळ पळालो. चाक बिचारं टकटक टकटक करत होतं. फाटकाबाहेर आलो तेव्हा बारा वाजून बारा मिनिटं झाली होती. अंतर बरोबर भरलं, चार हजार दोनशे मीटर.

गाडीत बसलो, पण किल्ली फिरवली नाही.

बाराव्या पत्रकाच्या त्या रविवारी गोगी साकवावर एकोणीस मिनिटं बसली होती, पाय खाली सोडून. बाकावर तेवीस. दमले म्हणाली तर मला वाटलं, नाटकं आहेत. शेवटच्या कुरणात तिने माझ्या शर्टाला धरलं. "बाबा, कडेवर घे ना." मी म्हणालो, "घेतलं तर माप बाद होईल, राणी. एवढं एक कुरण." ती चालली. एकदा कोपऱ्यापाशी रडली, पण चालली. वहीत दोन तास बारा मिनिटं लिहिलं, आणि घरी येऊन खोडलं. ती एरवी जशी चालायची त्या हिशेबाने तिथे पावणेदोन तास घातले. एवढी मंद वाट कोण चालायला येणार?

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, चालताना दमते का? मी छातीठोकपणे सांगितलं, छे हो, रविवारीच सव्वाचार किलोमीटर चालली, अगदी वेळेत. त्यांनी टॉनिक दिलं आणि महिन्याने यायला सांगितलं. तो महिना गेला तो गेलाच. माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या सोमवारी संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. समोर वह्यांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन. तिने पेनाचं टोपण लावलं.

"महिना," एवढंच म्हणाली.

"हो."

"आणि तू तिला उचललं नाहीस."

त्यानंतर ती सहा दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं ताट वाढायची आणि आतल्या खोलीत जायची. तिने भांडावं, काहीतरी फेकून मारावं, असं मला वाटत होतं. ही बाई आता मला सोडून जाणार आणि जाईल ते योग्यच, अशी मी मनाची तयारी केली होती. रविवारी सकाळी ती बूट घालून दारात उभी राहिली.

"चल. आणि ते चाक घरी ठेव."

साकवावर ती कठड्याला धरून थांबली, मीही थांबलो. बाकावर दोघं बसलो, मध्ये जागा ठेवून. तशी ठेवायची असं काही ठरलं नव्हतं.

शेवटच्या कुरणाच्या तोंडाशी मी खाली वाकलो. रिकाम्या गवतात हात पसरून वाकलेला बाप्या, बघणाऱ्याने वेड्यात काढलं असतं.

"ये," मी म्हणालो.

मेंढ्या चरायच्या थांबल्या.

उठायला गेलो तर एका झटक्यात उठता येईना. डाव्या कमरेवर भार आला होता. मानेला काहीतरी ऊन ऊन टेकलं होतं, तापातल्या कपाळासारखं.

"जड आहे?" बायकोने विचारलं.

"आहे."

ती माझ्या डाव्या बाजूला आली आणि चालू लागली. तिचा हात हवेत होता, मुलाच्या पाठीवर ठेवावा तेवढ्या उंचीवर.

फाटकाबाहेर आलो. तिने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "पावणेदोन तास."

"उतर आता, राणी," मी म्हणालो. "पोचलो आपण."

भार उतरला नाही.

घरी आल्यावर बायकोने पलंगाखालून वजनकाटा काढला. गोगीच्या आजारपणात आणलेला, तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता. मी त्रेसष्ट किलोचा माणूस. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला.

"एकवीस," ती म्हणाली. तिने वजाबाकी तोंडीच केली. त्या रात्री कितीतरी दिवसांनी ती माझ्याच खोलीत झोपली, माझ्या डाव्या बाजूला.

कचेरीतल्या बाईंनी काल कळवलं की तळ्याच्या फेरीची एकही तक्रार उरलेली नाही. उलट कुणीतरी कौतुकाचं पत्र धाडलंय, लेकराला घेऊन बरोबर पावणेदोन तास लागले म्हणून. आता डाव्या खांद्याने दार ढकलायचं नाही, कूस बदलायची नाही, हे माझ्या अंगवळणी पडलंय. खरं सांगायचं तर या दिवसांत मी सुखात होतो.

रोज सकाळी मी काट्यावर उभा राहतो. गेल्या रविवारी त्र्याऐंशी भरलं. माझंच उतरलं असेल, म्हणून मी पट्टा लावून बघितला. तो नेहमीच्याच भोकात बसला.

आज ब्याऐंशी.

बायकोने वाकून काटा वाचला. मग तिने फोन आणून माझ्या हातात दिला.

"डॉक्टरांना लाव," ती म्हणाली. "आणि या वेळी खरं सांग."