छत्रीवाली सुसर

"अगं, सुसर कुठाय? खेळाची वेळ झाली!" माकडाचं शेपूट बांधून शरदिनीचा धाकटा भाऊ वेणीमाधव राजाघाटाच्या पायऱ्यांवर थयथयाट करत होता.

शरदिनी मटकन खाली बसली. काशीतला उन्हाळा म्हणजे नुसती काहिली! त्यात सगळी सुट्टी माकड आणि सुसरीच्या जुन्या गोष्टीला कजरीच्या, म्हणजे इथल्या पावसाळी लोकगीतांच्या, चालीवर गाणी बांधण्यात गेलेली. घसा बसला होता. कामट्या-कागदांची सुसर करताना बोटं सोलवटली होती. नको तो खेळ, असंच झालं होतं तिला!

"सुसर नसेल तर बुवांचं प्रवचन लावून टाकू," नीलकंठकाका कपाळ पुसत म्हणाले. कचेरीत गोऱ्या साहेबाची बोलणी खाऊन तेही पार दमले होते. "नावाड्याला बजावलं होतं मी! संकठा घाटपर हमारा सुसर है, नावमें ले आना!"

काकांची हिंदी ही अशी, निम्मी मराठी!

"पण नाव तर आलीय!" शरदिनी ताडकन उठली. नावेत सुसर नव्हती. शेजारच्या पायरीवर मात्र छत्री उघडून यज्ञेश्वर आजोबा बसले होते. काकांचे सासरे! राहायचे संकठा घाटावरच. गेल्या दिवाळीत मानपानावरून वाजलं, तेव्हापासून सासरे-जावई एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मग हे इथं कसे?

दोघं पोरं धावत खाली गेली.

"जावयानं नाव पाठवली," आजोबा म्हणाले. चेहरा नेहमीसारखा आंबट, पण अंगात ठेवणीतला अंगरखा!

शरदिनीनं नावाड्याला बाजूला घेतलं. "भैया, काकाने क्या कहा था?"

"इहे, बिटिया, कि हमार ससुर घाट पर हउअन, नाव में ले आवा."

वेणीमाधव फस्सकन हसला. "अगं बाई! सुसरीचा सासरा झाला!"

"शूऽऽ!" शरदिनीनं त्याला करकचून चिमटा काढला. परत जाऊन सुसर आणेपर्यंत बुवा चौरंगावर बसले असते. आणि आपल्याला कुणी बोलावलंच नव्हतं हे कळलं असतं, तर आजोबा आल्या पावली परत गेले असते. तिला त्यांची फार दया आली.

तेवढ्यात काका खाली आले. "हे इथं कसे? मी तर—"

"काका!" शरदिनी ओरडलीच. "आजोबांना सुसर व्हायला बोलावलंत, आणि आम्हाला सांगितलंही नाहीत!"

काकांनी आ वासला. मग हळूच मिटला.

"सुसर? मी?" आजोबा खाकरले. "गाणं आहे का त्यात?"

"सगळं गाणंच आहे!"

मग काय विचारता! नाव झाली सुसरीची पाठ, उघडमीट करणारी छत्री झाली जबडा! "काळीज झाडावरच राहिलं गं सुसरबाई!" वेणीमाधवनं तान घेतली, तशी आजोबांनी अशी काही खणखणीत कजरी लावली, की प्रवचनाचे बुवाच टाळ घेऊन पुढे सरसावले!

खेळ संपला. काकांनी शरदिनीच्या पाठीवर थाप मारली. "पोरी, माझी अब्रू वाचवलीस गं!" मग ते संकोचत सासऱ्यांच्या पाया पडले.

नावेत चढताना आजोबांनी तिचा हात धरला. "सुसर आणि ससुर यातला फरक मला कळतो हो," ते हळूच म्हणाले. "तुमची कागदी सुसर घाटावर पाहिली होती मी. नावाड्यानं तोंड उघडलं तेव्हाच घोळ कळला होता."

"मग आलात कसे?"

"चुकून का होईना, बोलावणं आलं होतं ना!"