पन्नास कुंड्या, एकच रोप

"जन्मभर कुंचला फिरवलात तरी बी धरायचं नाही!"

कुंड्या उतरवायला आलेल्या नव्या कुंडीवाल्याने पहिल्याच भेटीत मला असं सुनावलं. मी एका लिलीचे पराग दुसरीला लावत होते. माझ्याच रोपवाटिकेत उभा राहून हा मला शहाणपण शिकवणार?

"तुम्हाला विचारलं का कुणी?"

"पन्नासही कुंड्या एकाच कंदातून फोडल्यात ना? मग हे एकच रोप झालं. आणि लिली स्वतःचे पराग स्वतःला लागू देत नाही." तो हसला. "फार मानी असते..."

माझा नुसता जळफळाट झाला, कारण त्याचं खरं होतं.

ती केशरी लिली बाबांनी तयार केलेली. बाबा गेले आणि यंदा कंद कुजायला लागले. औषधं झाली, माती बदलून झाली, तरी एकेक कुंडी हातची जात होती. बी मिळालं नाही तर बाबांचं फूल संपणार होतं. तो मात्र दर गुरुवारी यायचा, काम नसलं तरी. आमचं अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

आज एकच कळी उरली होती, तीही मऊ पडत चाललेल्या देठावर.

"कळी आत्ताच उघडलीस तर कालच्या फुलाचे पराग चालतील," तो हळूच म्हणाला. "कळीला अजून नाही म्हणता येत नाही. फूल बरंचसं बाबांचंच राहील. पण... रोपं मरतुकडी निघतात."

"नाहीतर?"

"माझ्या घरच्या पिवळ्या लिलीचे पराग. रोपं धट्टीकट्टी होतील, रंग कुठला येईल देव जाणे." त्याने खिशातून पुडी काढली, माझ्याकडे पाहिलं — आणि परत ठेवली. "नको. बाबांचंच राहू दे. मी कळी धरतो."

पुडी त्याने किती आशेने आणली होती, ते मला दिसत होतं. तरी तो मागे सरला. हा माणूस मला आवडतो, हे त्या क्षणी मी स्वतःशी कबूल करून टाकलं. आणि बाबा? त्यांना रोप मेलेलं बघवत नसे. रंगाचं पुढचं पुढे.

"पुडी दे."

कळी उघडून मी आतले सहाही केसर चिमट्याने काढून टाकले. मधल्या चिकट टोकाला पिवळी धूळ लागली. वर कागदी पिशवी बांधताना आमची बोटं एकमेकांत अडकली... कुणीच सोडवली नाहीत.

"देठ टिकला तर दहा-बारा दिवसांत कळेल," तो म्हणाला. "शेंग धरली का, बघायला येऊ?"

देठाचा भरवसा मलाही नव्हता.

"ये," मी म्हणाले. "नाही धरली तरी ये."