चार बोटं वर

भर बाजारपेठेत मी तोंडावर आपटणार होते, पण कुणीतरी माझं कोपर धरलं आणि मी वाचले. छत्री मात्र वाचली नाही.

"जपून," तो म्हणाला. "तुमची बाजू चार बोटं वर आली आहे."

"माझी?" मी केसांतलं पाणी झटकलं. "तुमचीच खाली गेली असेल."

आमची ही बाजारपेठ म्हणजे रस्ता एक आणि शहरं दोन. हद्द रस्त्याच्या बरोबर मधून जाते. अलीकडची दुकानं आमच्या शहरात, पलीकडची शेजारच्या. इतकी वर्षं दोन्ही महापालिका एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या आणि खड्डे सुखाने वाढले. शेवटी दोघींनी हातमिळवणी केली. गाड्या बंद, एकसारखी फरशी, झाडं, बाकडी, दिव्यांची एकच रांग. अलीकडची फरशी आम्ही घालायची, पलीकडची त्यांनी. मी आमच्याकडची इंजिनिअर. आणि हा चष्म्यावर थेंब घेऊन उभा असलेला, त्यांच्याकडचा. आजवर आम्ही एकमेकांना फक्त नकाशे पाठवले होते. नकाशे नेटके काढतो, एवढंच मला ठाऊक होतं. डोळे इतके छान असतील, असं नकाशात कुठेच लिहिलं नव्हतं.

आज दोन्ही फरश्या मध्यावर भेटल्या होत्या, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळसोट पायरी तयार झाली होती.

"नकाशात तर दोन्हीकडे एकच उंची आहे," मी म्हणाले.

"केसाचाही फरक नाही." तो जरा थांबला. "तुम्ही उंची... कुठून मोजलीत?"

"आमच्या महापालिकेच्या पहिल्या पायरीपासून. आम्ही नेहमी तिथूनच मोजतो. तुम्ही?"

"आमच्या महापालिकेच्या पहिल्या पायरीपासून."

मग त्याला हसू फुटलं, आणि मलाही. दोन शहरांतल्या एवढ्या शहाण्या माणसांत हे एकमेकांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

हसू फार टिकलं नाही. आमच्याकडचं सगळं पाणी पायरीवरून उड्या मारत पलीकडे निघालं होतं, आणि पलीकडचं पहिलंच दुकान माझ्या आत्याचं, बटणांचं. आत्या झाडू घेऊन दारातच उभी होती.

"शिकूनसवरून आत्याच्याच दुकानात पाणी सोडलंस होय गं?" मग तिची नजर त्याच्याकडे वळली. "आणि हे कोण? ये रे बाबा आत, आधी डोकं पूस."

दुसऱ्या दिवशी आमचे मोठे साहेब म्हणाले, फरशीला आम्ही हात लावणार नाही, आधी त्यांनी लावावा. त्यांचे मोठे साहेब नेमकं हेच म्हणाले. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तोडगा निघाला नाही, तर मधोमध कठडा घालून ज्याने त्याने आपापला अर्धा रस्ता सांभाळायचा. म्हणजे आत्याच्या दुकानात दर पावसाला तळं. समोरच्या शिंप्यांना साधं बटण घ्यायला सगळ्या बाजारपेठेला वळसा. आणि मलाही वळसाच... त्याच्यापर्यंत.

मग रोज संध्याकाळी आम्ही आत्याच्या काउंटरवर बटणं मांडून बसू लागलो. काळी आमची बाजू, पांढरी त्यांची.

"दोन बोटं तुम्ही उतरा," त्याने एक काळं बटण सरकवलं, "दोन बोटं आम्ही चढतो. मधे जाळीखालून गटार."

"आणि आधी फरशी कोण उखडणार?"

"तेच तर..." त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. त्याने ते काढलं नाही. मीही नाही.

"याच्या शर्टाचं रोज एक बटण कसं तुटतं, कळत नाही बाई," आत्या सुईत दोरा ओवत म्हणाली. "चांगल्या शर्टाची बटणं अशी आपोआप तुटत नाहीत."

त्याचे कान लाल झाले.

शुक्रवारी दोन्ही साहेब हाताची घडी घालून समोरासमोर बसले. दोघांचंही एकच, "आधी तुम्ही." माझ्या डोळ्यांपुढे तो कठडा उभा राहिला आणि मी ताडकन उठले. "चूक आमची आहे."

नेमक्या त्याच क्षणी समोरून त्याचा आवाज आला, "चूक आमची आहे."

साहेबांनी आमच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं. पण समोरच्याने एवढा मोठेपणा दाखवल्यावर आपण कसं मागे राहायचं? "असं कसं, थोडी आमचीही आहे," आमचे साहेब म्हणाले. "छे छे, आमचीच," त्यांचे म्हणाले. दोन्हीकडची फरशी एकाच दिवशी उखडायचं ठरलं.

नव्या रस्त्याचं उद्घाटन झालं त्या संध्याकाळीही रिमझिम होती. दिवे लागले होते आणि पाणी शहाण्यासारखं जाळीतून खाली जात होतं.

"उद्यापासून मी हेड ऑफिसला," तो म्हणाला. "इकडचं काम संपलं."

हा काहीतरी बोलेल म्हणून मी इतके दिवस थांबले होते, आणि हा माझी वाट बघत होता हेही मला कळत होतं. साहेबांना आम्ही उगाच नावं ठेवली.

मध्यावर आल्यावर मी सवयीने पाय उचलला. पायरी नव्हतीच. मी अडखळले आणि त्याने पुन्हा कोपर धरलं.

"बोला ना," मी म्हणाले.

"आधी तुम्ही."

"नाही, तुम्ही."

"बरं... निम्मं मी म्हणतो, निम्मं तुम्ही म्हणा." त्याने श्वास घेतला. "आपण दोघांनी आता..."

"...लग्न करावं," मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी... चहा घ्यावा, म्हणणार होतो."

माझे कान असे तापले की पाऊस जाणवेना. तो हसत होता, पण डोळे भरले होते.

"तुमची बाजू कायम चार बोटं वरच," तो म्हणाला.

"मग मी उतरते. चहा घेऊ."

"अजिबात उतरू नकोस." पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. "या वेळी चारही बोटं मी चढतो."

मी मान डोलावली.

"चहा ठेवलाय मी," दुकानातून आत्याचा आवाज आला. "पुढची मीटिंग आत येऊन करा."